आवाज आहे, चित्र नाही

एखाद्या यंत्राचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे शोधकाचे नाव, शोधाचे वर्ष आणि ते यंत्र आपल्या देशात केव्हा आले, एवढ्या तीन गोष्टींवर बहुधा भागविले जाते. ते बिघडल्यावर कोणी उघडले, कोणत्या खुणेवरून दोष ओळखला, आणि अखेर ते बरे केले की टाकून दिले, याची नोंद ठेवण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वास्तविक यंत्र घरात येते ते एकदा. बिघडते मात्र अनेकदा. दूरदर्शन संचाचा इतिहास या दुसऱ्या बाजूने पाहावयाचा असेल, तर हैदराबाद शहरातील दिलसुखनगर ही वस्ती त्यासाठी मोठी सोयीची आहे.

विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराच्या पूर्व अंगास ही वस्ती पसरली आहे. २०१८ सालापासून मेट्रोगाडी तिच्या डोक्यावरून धावू लागली. खाली रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकाने, खाणावळी, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या यांची एकच दाटी आहे. स्पर्धा परीक्षा आणि संगणक यांच्या पाट्यांतच मोबाइल व दूरदर्शन संच यांची दुरुस्ती शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्याही डोकावतात. लहान गावांतून आलेले तरुण येथे ही विद्या शिकतात आणि पुष्कळदा तिच्याच बळावर पुढे स्वतःचे दुकान मांडण्याची उमेद बाळगतात. त्यांच्यापुढे ज्या तक्रारी येतात त्यांत एक सर्वांत परिचित आहे : "आवाज आहे, पण चित्र नाही." हे वाक्य आजचे नव्हे. संच घराघरांत आल्यापासून प्रत्येक पिढीतील गिऱ्हाइकाने ते उच्चारले आहे. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीत पालटत गेला, आणि त्या पालटत्या अर्थाचा माग काढला म्हणजे या विद्येचा इतिहासच हाती येतो.

भारतातील पहिले दूरदर्शन प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. हैदराबादेस तेव्हा रेडिओचेच राज्य होते. निजामाच्या अमदानीत १९३५ साली सरकारी झालेल्या डेक्कन रेडिओवरून उर्दू, तेलुगू व कानडी यांच्या जोडीने मराठी कार्यक्रमही होत, कारण मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. रेडिओच्या दुरुस्तीवर तयार झालेल्या हातांनीच पुढे दूरदर्शनचा संच उघडला, आणि तेथे त्यांना ओळखीच्या पुष्कळ वस्तू आढळल्या. काचेच्या व्हॉल्व्हची रांग ही त्यांतली पहिली.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नळी. तिच्यातील तार तापून लाल झाली म्हणजेच ती कामास लागावयाची. युरोपीय धर्तीच्या बहुतेक संचांत या सर्व नळ्यांच्या तारा एकाच माळेत ओवलेल्या असत. त्यामुळे एका नळीची तार तुटली की सबंध माळ विझे आणि संच मुका व आंधळा दोन्ही होई. म्हणूनच "आवाज आहे" एवढे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाले की जाणत्या कारागिराचे निम्मे निदान तेथेच होऊन जाई. माळ शाबूत आहे, वीज आत पोहोचते आहे. तेव्हा संशय उरतो तो चित्रनळीला प्रखर दाबाची वीज पुरविणाऱ्या भागावर.

या भागाची रचना समजून घेण्याजोगी आहे. आपल्याकडील पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेघांचे, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. प्रत्येक रेघ ओढून झाली की किरणाने एका झटक्यात डावीकडे परतावयाचे. त्या झटक्यातून उत्पन्न होणारा विजेचा दाब एक लहानसा ट्रान्सफॉर्मर अनेक पटींनी वाढवी आणि तोच चित्रनळीला दिला जाई. एकाच यंत्रणेकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती जितकी चतुर तितकीच जोखमीची होती. रेघ ओढणारा व्हॉल्व्ह थकला म्हणजे किरण हलावयाचा थांबे आणि प्रखर दाबही नाहीसा होई. पडदा काळा ठिक्कर, आणि मागे वार्ताहराचा आवाज मात्र चालूच! उपाय पुष्कळदा सोपा असे. व्हॉल्व्ह खोबणीतून उपटावा, दुसरा बसवावा आणि तार लाल होईपर्यंत वाट पाहावी.

परंतु हा सोपा उपाय शहरापुरताच होता. संच खेड्यात गेला तर तेथे तो कोण उघडणार? या प्रश्नाचा देशात प्रथमच मोठ्या प्रमाणावर विचार झाला तो उपग्रहाच्या प्रयोगात, आणि त्यात हैदराबादचा वाटा मोठा होता. अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली १९६७ साली डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ईसीआयएल या संक्षिप्त नावाने ती सर्वांस परिचित आहे. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर वापरणारे संच बनविण्यात ती देशात अग्रेसर ठरली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना थेट कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक, महबूबनगर, कर्नूल व हैदराबाद हे जिल्हे होते, आणि कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हेही होते. या खेड्यांत मांडलेले संच ईसीआयएलने तयार केले होते. त्यांच्याबरोबर सुमारे दहा फूट व्यासाची जाळीची तबकडी असे. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी, मिळून रोज चार तास कार्यक्रम होत.

खेड्यातील वीज केव्हा येईल, केव्हा जाईल आणि आली तर किती दाबाने येईल, याचा भरवसा नसे. धूळ आणि उन्हाळा यांची त्यात भर. हे जाणूनच या प्रयोगाच्या आखणीत देखभालीला कार्यक्रमांइतकेच महत्त्व देण्यात आले. खेड्यांचे गट पाडून देखभाल केंद्रे नेमण्यात आली, आणि बिघाडाची वर्दी मिळताच तंत्रज्ञाने तेथवर पोहोचावे अशी योजना होती. संच नुसता वाटून भागत नाही, त्याच्यामागे तो उघडू शकणारा माणूस उभा करावा लागतो, हा धडा त्या वर्षाने दिला. उपग्रह वर्षाअखेर निघून गेला. संच बनविण्याचा व तो जिवंत ठेवण्याचा अनुभव मात्र शहरात राहिला.

१९७७ साली हैदराबाद दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिलसुखनगरपासून फारशा लांब नसलेल्या रामंतापूर येथे त्याचे कलागार उभे राहिले. महाराष्ट्रात त्यापूर्वीच, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्र सुरू झाले होते आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरून पुणेकरांना चित्र दिसू लागले होते. या काळात दुरुस्तीचे पहिले ठिकाण म्हणजे घराचे छप्पर. पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागले की अँटेना हललेली, नाहीतर तिची तार पावसापाण्याने गंजलेली असे. प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची पुसट सावली दिसली, तर समोरच्या इमारतीवर आदळून आलेली लहर मूळ लहरीच्या मागोमाग पोहोचते आहे असे समजावे. एकाने गच्चीवर चढून अँटेना फिरवावयाची, दुसऱ्याने खिडकीत उभे राहून "आले, आले, गेले!" असा पुकारा करावयाचा, हा देखावा ज्यांनी पाहिला ते त्यास दुरुस्ती म्हणणार नाहीत. तरी ती दुरुस्तीच होती, आणि घरातील प्रत्येकाला साधणारी होती. चित्र वरखाली सरकू लागले तर कोणते बटण पिळावयाचे, हे मुलांनाही ठाऊक असे.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आला, आणि त्यापाठोपाठ लहान शहरांतून प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने विणले गेले. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी संच बंद पडणे ही त्या काळी गल्लीभर चर्चा होण्याजोगी आपत्ती होती, आणि शनिवारी रात्री दुरुस्तीवाल्याच्या दाराशी जी आर्जवे होत त्यांस सीमा नव्हती. हैदराबादेत सुट्या भागांसाठी पावले कोठीच्या गुजराती गल्लीकडे वळत. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर यांचे जे स्थान, तेच येथे या गल्लीचे. कोठी म्हणजे हैदराबादेतील मराठी माणसाचा जुना मुलूख. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था तेथे जवळच आहे.

रंगीत संचाच्या दुरुस्तीत वाचनाची एक कला होती. पडदा हेच पुस्तक. मध्यभागी एकच आडवी पांढरी रेघ उरली, तर किरण वरखाली हलविणारा भाग निकामी झाला. एकच उभी रेघ उरली, तर डावी-उजवीकडे हलविणाऱ्या वेटोळ्याची जोडणी तुटली. तीन रंगांपैकी एक नाहीसा झाला, तर चित्रनळीच्या मानेवरील पट्टीत त्या रंगाचा ट्रान्झिस्टर पाहावा. कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडले, तर आधी शेजारी ठेवलेला मोठा लाउडस्पीकर दूर करावा; त्यातील लोहचुंबकाने किरणाची वाट चुकविली असण्याचा संभव असतो. संच थाप मारल्यावर चालू होत असे, यात दैवी काही नव्हते. वर्षानुवर्षे तापून-निवून ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी असलेल्या डाखाला तडा जाई आणि थापेने तो क्षणभर जुळे. जाणता कारागीर थाप न मारता तेथे नवा डाख देई.

"आवाज आहे, चित्र नाही" या वाक्याचा या पर्वातील अर्थ हाताळावयास भीतिदायक होता. रंगीत चित्रनळीला सुमारे २५,००० व्होल्टचा दाब लागे, आणि संच बंद केल्यावरही तो नळीत काही काळ दबा धरून राही. ज्या ट्रान्सफॉर्मरला दुकानदार 'ईएचटी' म्हणत, तो गेला की नाही हे कारागीर पुष्कळदा कानानाकांनी ओळखी. निरोगी संच सुरू होताना पडद्याजवळ केसांना ओढ जाणवे आणि बारीक सळसळ ऐकू येई; ती नसली तर दाब नाही. तडतड व ओझोनचा उग्र वास आला, तर दाब आहे पण वाटेतच फुटतो आहे. एका हाताने काम करावे व दुसरा पाठीशी ठेवावा, हा नियम नवशिक्याला प्रथम शिकविला जाई, कारण दोन्ही हातांनी स्पर्श झाला तर विजेची वाट छातीतून जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाग बदलत गेले तरी निदानाचा क्रम बदलला नाही. आधी गिऱ्हाइकाला विचारावे : संच एकाएकी बंद पडला की हळूहळू, पावसात की वीज कडाडल्यावर. मग डोळ्यांनी पाहावे, नाकाने हुंगावे. जळका डाग, फुगलेला कंडेन्सर, मुंग्यांची वस्ती किंवा पाल आढळली तर मीटर लावण्यापूर्वीच उत्तर मिळते. त्यानंतर वीज तपासावी, कारण तीच नसेल तर पुढील सर्व तपास व्यर्थ. ती असेल तर संचाचे मनाने दोन भाग करावेत, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवावे, आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन. भाग आधी बदलून मग विचार करणारा माणूस व्यापारी असेल. त्याला कारागीर म्हणता येणार नाही.

पुढील दोन दशकांत पुष्कळ जुने दोष आपोआप कालबाह्य झाले. खासगी वाहिन्या केबलवरून आल्या आणि छपरावरील अँटेना उतरल्या. केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. हैदराबाद व पुणे या शहरांसाठी त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. सावल्या आणि ठिपके इतिहासजमा झाले. अंकरूपाने येणारे चित्र एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर चौकोनी तुकडे होऊन गोठते. अधलीमधली अवस्था त्यास ठाऊक नाही. त्याच सुमारास जाडजूड चित्रनळीची जागा सपाट पडद्याने घेतली, आणि कारागिराच्या पिढीजात ज्ञानाचा मोठा भाग एकाएकी निरुपयोगी ठरला.

आजचा एलईडी संच उघडला तर आत जागा बरीच रिकामी दिसते. वीज पुरविणारी एक पट्टी, सर्व बुद्धी सामावलेली मुख्य पट्टी, पडद्याला हुकूम सोडणारी टी-कॉन नावाची लहान पट्टी आणि स्वतः पडदा, म्हणजे पॅनेल, एवढाच सरंजाम. पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. ते अगणित झडपांची खिडकी आहे. उजेड तिच्यामागील बारीक दिव्यांच्या पट्ट्यांतून येतो. आणि येथे इतिहासाने गंमत केली आहे. हे दिवे पुन्हा माळेतच ओवलेले असतात. सुमारे तीन व्होल्टवर जळणारा, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक दिवा उष्णतेने तुटला की सबंध माळ विझते. व्हॉल्व्हच्या काळात माळ तुटली तर संच मुका होई. आज माळ तुटली तर संच बोलत राहतो आणि पडदा काळा होतो. "आवाज आहे, चित्र नाही" या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे उत्तर आज हेच आहे.

त्याची परीक्षा कोणालाही करता येते. खोलीत अंधार करावा, संच चालू ठेवावा आणि विजेरीचा झोत पडद्यावर अगदी जवळून, तिरपा टाकावा. त्या उजेडात चित्र पुसटसे हलताना दिसले, तर पॅनेल व मुख्य पट्टी आपले काम करीत आहेत. दोष पाठीमागील दिव्यांत किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागात आहे. काहीच दिसले नाही, तर टी-कॉन व मुख्य पट्टीकडे वळावे. लाल दिवा लागतो पण संच उठत नाही, तर वीजपट्टीवरील फुगलेले कंडेन्सर पाहावेत. तोच दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर पुष्कळ संचांत ती बिघाडाची सांकेतिक भाषा असते. कंपनीचे बोधचिन्ह दिसून संच तेथेच अडला, तर आतील आज्ञावली बिघडली असण्याचा संभव असतो. ती पुन्हा भरता येते. रिमोट मेला की संच बहिरा झाला, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबल्याने कळते. डोळ्यांना न दिसणारा त्याचा किरण बहुतेक कॅमेऱ्यांना दिसतो. एवढ्या परीक्षा झाकण न उघडता होतात. वीजपट्टी पाहावयाची तेवढी आत शिरावे लागते, आणि ते माहितगारानेच करावे. संच सपाट झाला तरी त्या पट्टीवरील मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो लगेच जात नाही.

उभ्या रेघा पडल्या किंवा काच तडकली, तर मात्र गोष्ट पॅनेलवर येते, आणि येथेच या विद्येतील नीतीचा प्रश्न उभा राहतो. पॅनेल हा संचातील सर्वांत महाग भाग; ते बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या किमतीला जाऊन भिडतो. दिव्यांच्या पट्ट्या त्यामानाने कितीतरी स्वस्त. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्ही बिघाडांचे रूप काळा पडदा हेच. कारागिराने "पॅनेल गेले" असे अज्ञानाने म्हटले काय किंवा लोभाने म्हटले काय, परिणाम एकच. चार वर्षांचा संच भंगारात जातो आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला नव्याचे हप्ते लागतात. उलट पट्ट्या बदलावयास घेतलेल्या माणसाच्या हातून पातळ काच मोडली, किंवा तिच्या कडेच्या नाजूक फिती फाटल्या, तर स्वस्त रोगाचा महाग रोग होतो. जुन्या कारागिराची चूक एका व्हॉल्व्हपुरती असे; आजच्याची चूक सबंध संचाचा बळी घेते.

या प्रश्नाची दखल सरकारदरबारीही घेतली गेली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. उत्पादकांनी सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती ग्राहकांस द्यावी हा त्यामागील हेतू. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी टाकलेल्या संचांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुन्या चित्रनळीच्या काचेत शिसे असते, नव्या संचांत इतर धातू व प्लास्टिक. उघड्यावर फोडून किंवा जाळून त्यांची विल्हेवाट लावणे आरोग्यास विघातक आहे. तथापि कोणताही नियम अमलात येण्यापूर्वी एक निर्णय दुकानाच्या टेबलावर होत असतो : हा संच जगणार की टाकावा लागणार? तो निर्णय करणारा माणूस शिकलेला व प्रामाणिक असावा लागतो.

गृहस्थाच्या हातीही काही आहे. पडद्यामागील दिव्यांची प्रखरता मूळ मांडणीत बहुधा गरजेहून अधिक ठेवलेली असते. ती कमी केली तर दिवे कमी तापतात व अधिक टिकतात. विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर केबलची तारही काढून ठेवावी, कारण पुष्कळदा घात त्या वाटेनेच येतो. संचाच्या मागे हवा खेळू द्यावी. आणि दुरुस्तीस नेण्यापूर्वी विजेरीची परीक्षा घरीच करावी. मग दुकानात काय ऐकावयास मिळते त्याची पारख करता येते.

मेदकच्या खेड्यात १९७५ साली देखभालीच्या तंत्रज्ञाची जी वाट पाहिली जाई, तीच आज लहान गावातल्या गृहस्थाला आपल्या बाजारपेठेतील दुरुस्तीवाल्याची पाहावी लागते. मध्ये गेली ती पन्नास वर्षे. दिलसुखनगरच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहींची दुकाने अशाच गावांत उघडतील. तेथे कोणी काळा पडलेला संच घेऊन येईल आणि ते जुने वाक्य उच्चारील. त्या वेळी नवा संच घेण्याचा सल्ला देण्याआधी जो दुकानातील दिवा मालवून विजेरी हाती घेईल, त्याने ही विद्या खरी शिकली असे समजावे.